फारसीत ‘थोडं’, ‘काही’, ‘बरेच’ कसं म्हणायचं: अनिश्चित प्रमाण सांगण्याची पायरी-पायरीने ओळख

फारसी शिकायला घेतलं की एक ते शंभर अंक लवकर पाठ होतात. पण घरात, बाजारात, जेवायला बसल्यावर नेमका आकडा आपण क्वचितच सांगतो. थोडं मीठ, दोन-चार लिंबं, वीसेक माणसं, बराच वेळ, काही लोक, असंच बोलतो. इराणी माणूसही असंच बोलतो. ‘तुम्हाला फारसी येतं का?’ या पहिल्याच प्रश्नाचं उत्तरसुद्धा अनिश्चित प्रमाणात द्यावं लागतं: ‘ये कम फ़ारसी बलदम’, म्हणजे ‘थोडंसं फारसी येतं मला’.

मराठी माणसाला यात एक सोय आहे आणि एक अडचण. सोय अशी की फारसीला लिंग नाही. थोडा भात, थोडी भाजी, थोडं दूध, थोडे पोहे ही कसरत तिथे करावी लागत नाही, ‘ये कम’ सगळ्यांना चालतं. अडचण अशी की ‘काही’ म्हटलं की आपली जीभ पुढच्या नामाचं अनेकवचन करते, आणि फारसीत बहुतेक ठिकाणी ते चुकतं. खालच्या सगळ्या पायऱ्यांत हे एक पथ्य सांभाळलं तरी निम्मं काम झालं.

आधी उच्चारांबद्दल. इथे दिलेली वाक्यं तेहरानच्या बोलीतली आहेत, लेखी रूप वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. ‘अ’ थोडा ‘ॲ’कडे झुकवा. ‘ए’ आणि ‘ओ’ आखूड म्हणा. ‘च’ चहातला, ‘ज़’ मात्र जहाजातला. ‘ख़’ आणि ‘ग़’ घशातून काढा. बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘आन’ बऱ्याचदा ‘ऊन’ होतो: लिहितात ‘नान’, म्हणतात ‘नून’.

पहिली पायरी: काहीच न लावणं

प्रमाण सांगायचं नसेल तर फारसीत नाम नुसतं ठेवतात. ‘सीब ख़रीदम’ म्हणजे ‘सफरचंदं घेतली’. एक घेतलं की किलोभर, ते वाक्य सांगत नाही आणि सांगायची गरजही नसते. ‘मेहमून दारीम’ म्हणजे ‘आमच्याकडे पाहुणे आहेत’. नाम एकवचनी आहे, पण घरात एक पाहुणा असो वा दहा, वाक्य हेच. ‘आब मीख़ाम’, पाणी हवंय. ‘पूल दारी?’, पैसे आहेत का तुझ्याकडे?

कर्माला ‘रो’ किंवा नुसता ‘ओ’ लागला (लेखी रूप ‘रा’) की ती वस्तू ठरलेली होते. ‘आब ख़ोर्दम’ म्हणजे पाणी प्यायलो. ‘आबो ख़ोर्दम’ म्हणजे ते पाणी प्यायलो, ज्याबद्दल आपण बोलत होतो. मराठी डोक्यातून वाक्य करताना ‘थोडं’, ‘काही’ हे शब्द आपण सवयीनेही घालतो. ते काढून वाक्याचा अर्थ बदलत नसेल, तर फारसीत घालूच नका. नवशिक्याची फारसी जड वाटते ती बऱ्याचदा या फालतू ‘ये’ आणि ‘चंद’मुळे.

दुसरी पायरी: ‘ये’ आणि मागे लागणारा ‘ई’

‘एक, कुठलंसं’ असं म्हणायला दोन साधनं आहेत. नामाआधी ‘ये’ (लेखी ‘येक’) किंवा नामामागे ‘ई’. ‘ये केताब’ हे रोजचं बोलणं, ‘केताबी’ हे पुस्तकी. दोन्ही एकत्रही येतात: ‘ये केताबी’ म्हणजे ‘कुठलंसं एक पुस्तक, नेमकं कुठलं ते जाऊ दे’. शब्द स्वरान्त असेल तर हा ‘ई’ जोडताना मध्ये आधार लागतो: ‘दानेशजू’ (विद्यार्थी) चं ‘दानेशजूयी’, ‘ख़ाने’ (घर) चं ‘ख़ानेई’.

आघाताकडे नीट कान द्या. हा अनिश्चित ‘ई’ कधीही जोर घेत नाही. ‘मर्दी’ मध्ये जोर ‘मर’वर असेल तर अर्थ ‘एक माणूस’, शेवटच्या ‘ई’वर असेल तर ‘मर्दपणा’. लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं.

याच जोरावर मराठी माणसाला गोत्यात आणणारा एक शब्द उभा आहे: ‘कमी’. हा शब्द आपण फारसीतूनच घेतला आणि इतका मुरवला की तो परका वाटत नाही. पण फारसीत ‘क’वर जोर देऊन ‘कमी’ म्हटलं की अर्थ होतो ‘थोडंसं’. ‘कमी आब’ म्हणजे ‘थोडं पाणी’. ‘पाणी कमी आहे’ असा अर्थ त्यात नाही. टंचाई या अर्थाचा ‘कमी’ फारसीत आहे, पण त्याचा जोर शेवटी पडतो. आपल्या ‘कमी’साठी वापरायचा शब्द नुसता ‘कम’.

तिसरी पायरी: मोजता न येणारं थोडं

पाणी, मीठ, वेळ, पैसा, धीर यांसाठी तीन बोली शब्द पुरतात: ‘ये कम’, ‘ये ख़ोर्दे’, ‘ये ज़र्रे’. पहिले दोन जवळजवळ सारखे. तिसरा अगदी किंचितसाठी. ‘ये ख़ोर्दे सब्र कोनीन’, जरा थांबा. ‘ये ज़र्रे नमक’, चिमूटभर मीठ. प्रमाण थोडं मोठं पण सांगायचं नसेल तर ‘ये मेग़दार’: ‘ये मेग़दार पूल’, म्हणजे काही रक्कम. लिखाणात याची रूपं ‘कमी’, ‘अंदकी’, ‘मेग़दारी’, ‘ग़द्री’ अशी होतात.

‘ये कम’ आणि नुसता ‘कम’ यांतला फरक ताटावर बसल्या बसल्या कळतो. ‘ये कम नमक बेरीज़ीन’ म्हणजे ‘थोडं मीठ घाला’. ‘नमकेश कमे’ म्हणजे ‘यात मीठ कमी आहे’. पहिल्यात आहे त्याकडे बोट आहे, दुसऱ्यात नाही त्याकडे. माणसांबाबतही तसंच: ‘कम कसी मीदूने’, म्हणजे ‘फार थोड्यांना ठाऊक आहे’. इथे क्रियापद एकवचनी राहतं.

चौथी पायरी: भांडं, तुकडा, मूठ

ही पायरी सावकाश चढा. ‘एक पेला पाणी’, ‘वाटीभर दही’, ‘एक जुडी पालेभाजी’ म्हणताना फारसीत क्रम असा: अंक, मग माप, मग वस्तू, आणि मध्ये काहीही नाही. ‘ये लीवान आब’, ‘ये कासे मास्त’, ‘ये दस्ते सबज़ी’. फारसी शिकणारा प्रत्येक जण सुरुवातीला ‘इज़ाफ़त’ शिकतो, म्हणजे दोन नामं जोडणारा ‘-ए’, आणि मग तो इथेही घालायचा मोह होतो. ‘लीवान-ए आब’ म्हटलंत तर अर्थ बदलतो: ते झालं पाण्याचं भांडं, रिकामंही असेल. तहान लागली असेल तर ‘-ए’ गाळा.

मापाचे शब्द फारसीत खूप आहेत आणि ते योग्य वस्तूबरोबर वापरले की बोलणं एकदम घरचं वाटतं. चहा ‘एस्तेकान’मध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या पेल्यात: ‘ये एस्तेकान चाय’. साखरेचा खडा ‘हब्बे’: ‘ये हब्बे ग़ंद’. लसणाची पाकळीही हब्बेच: ‘ये हब्बे सीर’. कबाब ‘सीख़’वर मोजतात. हॉटेलातली एका माणसाची थाळी ‘पोर्स’: ‘ये पोर्स चेलोकबाब’. कलिंगडाची फोड ‘ग़ाच’, भाकरीचा तुकडा ‘तिक्के’, सुकामेव्याची मूठ ‘मोश्त’, फुलाची दांडी ‘शाख़े’. बूट-मोजे ‘जोफ़्त’मध्ये, कपडे ‘दस्त’मध्ये. गालिच्याला ‘तख़्ते’ लावतात, विहिरीला ‘हल्ग़े’, गाई-घोड्यांना ‘रअस’, यंत्रं आणि मोटारींना ‘दस्तगाह’. शेवटचे काही शब्द बातम्या, करारपत्रं, दुकानाच्या पावत्या यांतच जास्त भेटतात. घरात बोलताना मोटारीलासुद्धा सरळ ‘ता’ लावतात.

पाचवी पायरी: मोजता येणाऱ्या वस्तू आणि ‘ता’

हा ‘ता’ म्हणजे मोजणीचा सर्वसाधारण प्रत्यय. ‘दो ता सीब’, ‘से ता केताब’. नाम एकवचनीच. ‘से ता केताबहा’ असं कोणी म्हणत नाही. एकाला मात्र ‘ता’ लागत नाही, त्याला ‘दूने’ लागतं: ‘ये दूने सीब’. म्हणून नानवाईच्या, म्हणजे नान भाजणाऱ्याच्या, दुकानात ऐकाल ते असं: ‘ये दूने कोंजेदी, दो ता सादे’, म्हणजे एक तीळ लावलेली, दोन साध्या. इराणात बऱ्याच भट्ट्यांवर एक-दोनच नान हवे असणाऱ्यांची रांग वेगळी असते, त्यामुळे ‘ये दूने’ हा शब्द तिथे फार कामाला येतो.

माणसांना ‘नफ़र’. ‘पंज नफ़रीम’, आम्ही पाच जण आहोत. आपल्याकडची जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा असेल. अनौपचारिक बोलण्यात मुलांना, मित्रांना ‘ता’ही लावतात: ‘दो ता बच्चे’. पण हॉटेलात टेबल मागताना ‘नफ़र’च हवा.

दिवस, तास, महिने, किलो, तोमान (इराणातलं पैशाचं एकक) ही स्वतःच मापं आहेत, त्यांना ‘ता’ लागत नाही: ‘दो रूज़’, ‘से साअत’, ‘चंद माह’.

सहावी पायरी: ‘चंद’, एका शब्दाची तीन कामं

‘काही, थोडे’ असा मोजता येणारा अर्थ हवा असेल तर ‘चंद ता’. ‘चंद ता केताब ख़रीदम’, काही पुस्तकं घेतली. पण ‘किती?’ विचारायचा शब्दही हाच. ‘चंद ता केताब ख़रीदी?’ म्हणजे ‘किती पुस्तकं घेतलीस?’ वाक्यरचना तीच, शब्दांचा क्रम तोच. बोलताना फरक सुरात असतो: प्रश्नात ‘चंद’वर ठसठशीत जोर पडतो आणि बाकीचं वाक्य त्याच्यामागे सपाट जातं. विधानात जोर नामाकडे सरकतो. शिवाय ‘चंदे?’ म्हणजे ‘केवढ्याला?’

फळवाल्याकडचं हे बोलणं पाहा. तीनही ‘चंद’ त्यात आहेत.

गिऱ्हाईक: सलाम आग़ा, सीब कीलूई चंदे?
(दुकानदार भाव सांगतो.)
गिऱ्हाईक: ये कीलू बेदीन, बीज़हमत. चंद ता हम लीमू.
दुकानदार: चंद ता?
गिऱ्हाईक: पंज-शीश ता.
दुकानदार: सबज़ी हम मीख़ायन?
गिऱ्हाईक: ये दस्ते.
दुकानदार: ये कम नअना हम बेज़ारम?
गिऱ्हाईक: न, मेरसी. हमीन काफ़ीए.

म्हणजे: सफरचंदं किलोला कशी? एक किलो द्या, कृपा करून. थोडी लिंबंही. किती? पाच-सहा. पालेभाजीही हवी का? एक जुडी. थोडा पुदिनाही घालू का? नको, एवढंच पुरे.

दुकानदाराने ‘चंद ता?’ का विचारलं ते लक्षात घ्या. गिऱ्हाइकाचा ‘चंद ता’ अनिश्चित होता, दुकानदाराचा नेमका आकडा विचारणारा. तोच शब्द त्याने सूर बदलून परत केला. हा संवाद मोठ्याने दोघांत म्हणून पाहा, एकट्याने वाचून सुराचा फरक बसत नाही.

द्रव किंवा मोजता न येणाऱ्या वस्तूला ‘चंद’ चालत नाही. तिथे ‘किती’ म्हणजे ‘चेग़द्र’: ‘चेग़द्र आब?’ आणि ‘चंद’पेक्षा जास्त, ‘कितीतरी’ असं ठासून सांगायचं तर लिखाणात ‘चंदीन’: ‘चंदीन साल’, कित्येक वर्षं.

सातवी पायरी: दोन-तीन, वीसेक, शंभरावर

मराठीत आपण दोन-चार, पाच-सात, दहा-बारा असे जोड सहज लावतो. फारसीतही जोड आहेत, पण लहान अंकांत लागोपाठचे अंक घ्यायचे: ‘दो-से ता’, ‘से-चार ता’, ‘चार-पंज ता’, ‘पंज-शीश ता’. भरभर बोलताना ‘हफ़्त-हश्त ता’चं ‘हफ़-हश ता’ होतं. ‘पाच-सात’चं शब्दशः फारसी करू नका, ‘पंज-शीश’ म्हणा. एक-दोन मात्र ‘येकी-दो ता’. दहाच्या पुढे ‘दह-दवाज़दह ता’, ‘बीस्त-सी ता’ अशा मोठ्या उड्या चालतात.

आपल्या ‘वीसेक’ला फारसीत फार सुंदर जोड आहे. आधी ‘ये’, शेवटी ‘ई’, मध्ये आकडा आणि माप. ‘ये बीस्त नफ़री बूदन’, वीसेक माणसं होती. ‘ये दह तायी हस्त’, दहाएक आहेत. ‘ये दो साअती तूल मीकेशे’, दोनेक तास लागतील. दुसऱ्या पायरीतली दोन्ही साधनं इथे एका आकड्याला कवेत घेतात आणि तो सैल करतात. पाठ्यपुस्तकं ‘तग़रीबन’ आणि ‘होदूद-ए’ (सुमारे) शिकवतात. ते बरोबरच आहे, पण तेहरानच्या गप्पांत हा ‘ये...ई’ सारखा कानावर पडतो. या लेखातली एकच गोष्ट घोटायची असेल तर ही घोटा.

विसाच्या वर, पण किती ते नक्की नाही, तेव्हा ‘बीस्त-ओ ख़ोर्देई’ किंवा ‘बीस्त-ओ चंद ता’. वर्षांबद्दल लेखी भाषेत ‘बीस्त-ओ अंदी साल’.

आठवी पायरी: भरपूर

‘ख़ेयली’ हा शब्द ‘खूप’ आणि ‘फार’ दोन्हीचं काम करतो. ‘ख़ेयली कार दारम’, खूप काम आहे. ‘ख़ेयली केताब दारे’, त्याच्याकडे पुष्कळ पुस्तकं आहेत. इथेही नाम एकवचनी. ‘ज़ियाद’ बहुधा नामामागे इज़ाफ़त घेऊन येतो: ‘पूल-ए ज़ियादी’, बराच पैसा. नकारात तो एकटाच छान बसतो: ‘ज़ियाद नदारम’, माझ्याकडे फारसं नाही. ‘ज़ियादी’चा शेवट जोर देऊन म्हटला की अर्थ ‘गरजेपेक्षा जास्त’ होतो: ‘ज़ियादी नमक रीख़्ती’, मीठ जास्त घातलंस.

गप्पांत भरपूरपणाला ‘ये आलमे’ आणि ‘ये दोन्या’ आहेत: ‘ये आलमे कार’, म्हणजे कामाचा डोंगर. ‘ये सेरी’ हा अलीकडच्या बोलण्यातला लाडका शब्द, अर्थ ‘काही, बरेचसे’: ‘ये सेरी कार दारम’. ‘बेस्यार’ इराणात लेखी आणि औपचारिक, मित्राशी बोलताना तो भाषणासारखा वाटतो.

नववी पायरी: त्यांतले काही

आतापर्यंत नाम एकवचनी ठेवत आलो. इथे नियम फिरतो. ठरलेल्या गटातले काही म्हणायचं असेल तर मध्ये ‘अज़’ घाला आणि नामाचं अनेकवचन करा: ‘चंद ता अज़ केताबा’, त्या पुस्तकांतली काही. ‘ख़ेयली अज़ दूस्ताम’, माझे बरेच मित्र. बोलीत अनेकवचनाचा ‘हा’ झिजून ‘आ’ उरतो.

‘बअज़ी’ला तर ‘अज़’ नसतानाही अनेकवचन लागतं: ‘बअज़ी वग़्ता’, कधी कधी, ‘बअज़ी केताबा’, काही काही पुस्तकं. ‘चंद ता’ आणि ‘बअज़ी’ दोन्हींचं मराठी ‘काही’ होतं, म्हणून घोळ होतो. ‘चंद ता’ संख्या सांगतो, थोडी पण मोजता येण्याजोगी. ‘बअज़ी’ निवड सांगतो: काही असे, बाकीचे तसे. बाजारातून काही पुस्तकं आणलीत तर ‘चंद ता’. काही पुस्तकं कंटाळवाणी असतात असं म्हणायचं असेल तर ‘बअज़ी’.

माणसांसाठी हे शब्द एकटेही उभे राहतात: ‘बअज़ीआ’, काही लोक, ‘ख़ेयलीआ’, पुष्कळ जण. बहुतेक म्हणायला ‘बीश्तर-ए’ किंवा ‘अक्सर-ए’: ‘बीश्तर-ए मर्दोम’. या ठिकाणी मात्र इज़ाफ़त हवीच.

दहावी पायरी: काहीच नाही

‘हीच’ घेतला की क्रियापद नकारीच हवं, आणि नामाला ‘ई’ लावायचा: ‘हीच केताबी नदारम’, माझ्याकडे एकही पुस्तक नाही. ‘हीचकस नयूमद’, कोणीच आलं नाही. मराठी रचना अशीच असल्याने हे आपोआप जमतं. ‘चीज़ी’, ‘कसी’, ‘जायी’ हे शब्द होकारात आणि प्रश्नात ‘काहीतरी, कोणीतरी, कुठेतरी’ होतात आणि नकारात ‘काही, कोणी, कुठे’: ‘चीज़ी मीख़ाय?’, काही हवंय का? ‘चीज़ी नेमीख़ाम’, काही नको.

सराव

पुढची मराठी वाक्यं आधी स्वतः फारसीत म्हणा, मग उत्तरं पाहा. थोडं दूध हवंय. दोन-तीन दिवस राहीन. वीसेक जण होते. बरेच जण आले नाहीत. काही पुस्तकं जुनी आहेत. मला काहीच नको.

उत्तरं अशी: ‘ये कम शीर मीख़ाम.’ ‘दो-से रूज़ मीमूनम’, ‘ता’ नाही, कारण दिवस हे माप. ‘ये बीस्त नफ़री बूदन.’ ‘ख़ेयलीआ नयूमदन.’ ‘बअज़ी केताबा ग़दीमीयन.’ ‘हीच्ची नेमीख़ाम’, ‘हीच्ची’ म्हणजे ‘काहीच’.

यानंतर स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहा आणि दिसेल त्याचं प्रमाण फारसीत सांगा. डब्यातला तांदूळ, टोपलीतले कांदे, कपातला चहा. प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न विचारायचा: हे ‘ये कम’चं, ‘चंद ता’चं, की भांड्याच्या मापाचं? आठवडाभर रोज पाच मिनिटं केलंत तरी हे शब्द अडखळत नाहीत.

लेखी भाषा आणि अफगाणी दरी

बातम्या वाचायला लागलात की बोलीतले शब्द बदललेले दिसतील. ‘ये तेदाद’चं ‘तेदादी’ (काही संख्येने), माणसांसाठी ‘एद्देई’ (काही जण), ‘बअज़ी’च्या जागी ‘बरख़ी’, ‘ख़ेयली अज़’च्या जागी ‘बेस्यारी अज़’. हे आधी ओळखण्यापुरते शिका. लिहायची वेळ येईपर्यंत ते आपोआप अंगवळणी पडतात.

पुण्यात शिकणाऱ्या इराणी विद्यार्थ्यांबरोबर अफगाणी विद्यार्थीही भेटतात. त्यांच्या दरीत, म्हणजे अफगाणिस्तानात बोलल्या जाणाऱ्या फारसीत, मोजणीला ‘ता’ऐवजी ‘दाना’ जास्त चालतो: ‘दू दाना नान’, ‘चंद दाना किताब’. आणि इराणात औपचारिक वाटणारा ‘बेस्यार’ त्यांच्याकडे ‘बिस्यार’ होऊन रोजच्या बोलण्यात येतो, ‘ख़ेयली’च्या जागी. काबूलच्या मित्राशी बोलताना ‘बिस्यार’ बिनधास्त वापरा, आणि वस्तू मोजताना ‘दाना’ म्हणा.